बत्तीस हाका

रक्तपेढीत तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. डेटाबेस सांभाळायचा म्हणजे कुणाला काय उघडू द्यायचं हे ठरवायचं, आणि तिथे भिडेखातर काम केलं की एक दिवस निस्तरावं लागतं. भिडेखातर तिने आयुष्यात एकच सही केली होती. ती निस्तरायची वेळ आली तेव्हा अडकली मात्र ती नाही, दोनदा अडकला.

दोनदा हे पेढीने ठेवलेलं नाव, माणूस प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. कोणतंही काम दोनदा तपासल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. पिशवीवरचा नंबर दोनदा वाचायचा, फ्रीजचं दार लावल्यावर पुन्हा एकदा ढकलून बघायचा. अशा माणसावर निष्काळजीपणाचा ठपका आला तेव्हा लोक आधी हसले. मग कागद बघून गप्प झाले.

झालं होतं असं. एका मंगळवारी सकाळी एका रक्तदात्याचा फोन आला: काल रक्त देऊन गेलो आणि घरी पोचल्यापासून ताप आहे. असा फोन आला की त्या माणसाच्या रक्ताच्या सगळ्या पिशव्या बाद करायच्या, असा नियम. एकाचं रक्त तीन पिशव्यांत वाटलं जातं. लाल पेशी एकीत, प्लेटलेट्स दुसरीत, प्लाझ्मा तिसरीत. पेढीतले लोक त्यांना बहिणी म्हणतात. दोनदाने लाल पेशींची पिशवी कपाटातून काढून नष्ट करायच्या डब्यात टाकली आणि संगणकावर तिच्यापुढे 'बाद' नोंदवलं. बाकीच्या दोघी वेगळ्या खोल्यांत असतात. त्यांना अडवायचं काम संगणकाचं. एक बहीण बाद झाली की तो दुसऱ्या दोघींना आपोआप बाद करायचा आणि मग त्या वॉर्डांना रक्त देण्याच्या खिडकीतून बाहेर जाऊच शकायच्या नाहीत. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या दुपारी प्लेटलेट्सची पिशवी खिडकीतून बाहेर गेली. वॉर्डात एका बाईंना ती चढवताना त्यांना हुडहुडी भरली, रक्तदाब कोसळला. चार दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या, पण थोडक्यात.

चौकशी बसली. संगणक उघडला, तर प्लेटलेट्सपुढे 'दिली' आणि बाकीच्या दोघी जशाच्या तशा 'उपलब्ध'. बादची नोंद कुठेच नाही.

"मी नोंद केली होती," दोनदा म्हणाला. "पडद्यावर 'जतन झाले' असं आलं. मी पुन्हा उघडून बघितलं. बाद दिसत होतं."

"मग गेलं कुठे?" संचालकांनी विचारलं.

दोनदाला घरी बसवलं.

आठवड्याने संचालकांनी कुलूपबाईला बोलावलं. टेबलावर एकपानी कागद होता, तिच्या सहीसाठी जागा सोडलेली. 'संगणक प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही.' शेजारच्या खुर्चीत नव्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस बसला होता. त्याला काहीही विचारलं की तो "होऊन जाईल, मॅडम" म्हणायचा, म्हणून पेढीने त्याचं नाव होऊन-जाईल ठेवलं होतं.

"मी अजून बघितलंच नाही," ती म्हणाली. "न बघता आढळलं नाही असं कसं लिहू?"

"आम्ही बघितलंय ना, मॅडम," होऊन-जाईल म्हणाला. "प्रणाली एकदम ठणठणीत."

"तुम्ही बघितलंय तर तुम्ही सही करा."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, सात महिन्यांपूर्वी जुना डेटाबेस नव्या व्हर्जनवर नेला, तेव्हा 'चाचणी पूर्ण, सर्व सुरळीत' या कागदावर तुमचीच सही आहे. दोष निघाला तर तो आधी कुणाच्या अंगावर येईल, याचा विचार करा."

हीच ती भिडेची सही. चाचणीला दोन आठवडे हवेत असं तिने सांगितलं होतं, दोन दिवस मिळाले होते, आणि सगळे टाळ्या वाजवायला तयार बसले असताना आपण एकटीने कशाला मोडता घालायचा म्हणून तिने सही ठोकली होती. तिचे कान तापले. पण तिने कागद उचलला नाही.

"येऊ दे अंगावर," ती म्हणाली. "सोमवारी चौकशी समितीपुढे काय ते सांगते."

*

बहिणींना बाद करणारा हुकूम तिने शोधून काढला. त्याला ट्रिगर म्हणतात. एखाद्या टेबलात काही बदललं की कुणी न सांगता आपोआप चालणारा छोटा हुकूम. हा जेमतेम बारा ओळींचा होता: पिशवी बाद झाली, तर इतिहासाच्या टेबलात एक ओळ लिही, तिच्या बहिणी साठ्यात असतील, तर त्यांनाही बाद कर. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. तिच्या काकांची.

काका याच पेढीतून निवृत्त झाले होते. गुरुवारी सुटी होती, त्या दुपारी ती त्यांच्याकडे गेली तेव्हा ते शर्टांना इस्त्री करत होते आणि काकू पलंगावर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या.

तिने बारा ओळी छापून आणल्या होत्या. काकांनी इस्त्री उभी ठेवली, कागद लांब धरून वाचला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पिशव्यांच्या टेबलावरचाच ट्रिगर, आणि पिशव्यांच्याच टेबलात बदल करतोय," ते म्हणाले. "म्हणजे बहिणीला बाद केलं की हा पुन्हा चालणार. बहिणीची बहीण कोण? पहिलीच. तिला पुन्हा बाद करायला जाणार. मग पुन्हा ही, पुन्हा ती."

"हो ना. मग वीस वर्षं बिघडलं कसं नाही?"

"कारण त्या व्हर्जनमध्ये ट्रिगर स्वतःला हाक मारतच नसे. दुसऱ्या टेबलातल्या ट्रिगरला उठवायचा, तो तिसऱ्याला, अशा सोळा पायऱ्यांपर्यंत जायचं. पण त्याच टेबलावर तोच पुन्हा? नाही. एकदा चालला की गप्प. मी त्याच भरवशावर बसलो. पुढच्या व्हर्जनमध्ये पायऱ्या बत्तीस झाल्या, आणि स्वतःला हाक मारू द्यायची की नाही याचा एक खटका आला. खटका बंद असेल तर सगळं जुन्यासारखंच."

"खटका चालू आहे," ती म्हणाली. "मी काल बघितला. कंपनीने चालू केलाय. त्यांच्या नव्या साठ्याच्या हिशेबाला तो लागतो म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही तो उघडून बघितला नाही."

"म्हणजे बहिणी एकमेकींना हाका मारत सुटल्या," काका म्हणाले. "बत्तीस हाका झाल्या की डेटाबेस म्हणतो पुरे. आणि नुसता थांबत नाही. पहिल्या हाकेपासूनचं सगळं पुसून टाकतो, जणू काही झालंच नाही."

"पहिल्या हाकेच्या आधीचंसुद्धा," ती म्हणाली. "दोनदाने हाताने केलेली नोंदसुद्धा."

इस्त्रीचा दिवा विझला.

"एक ओळ घालायला हवी होती," काका म्हणाले. "आधीच बाद असेल तर परत फिर. एक ओळ! आळस केला. समितीपुढे माझं नाव घे. म्हाताऱ्याला काय फासावर देणार आहेत?"

"तुमचं नाव लागतंय कशाला?" काकू कोड्यातून डोकं वर न काढता म्हणाल्या. "वीस वर्षं दार नीट लागत होतं. घर बदलणाऱ्याने चौकट बदलली आणि आता जुन्या सुताराला धरायचं?"

"तू गप्प बस गं. सुताराने खिळा मारायला हवा होता."

"बरं, मारा आता," काकू म्हणाल्या. "आणि तो शर्ट बघा, करपेल."

कसं झालं हे कळलं होतं. पण झालं याला पुरावा काय? पुसलेल्या नोंदीचा मागमूस राहत नाही. पडद्यावर 'जतन झाले' येण्याचा उलगडा तिला झाला होता: कंपनीचा नवा पडदा डेटाबेसच्या उत्तराची वाटच बघत नव्हता, आधीच 'जतन झाले' म्हणून मोकळा व्हायचा, आणि पुन्हा उघडला तरी दिवसभर आपल्याच आठवणीतलं चित्र दाखवायचा. बिचाऱ्या दोनदाने दोनदा बघितलं ते हे चित्रच. पण हेही तिचं सांगणं. समोरचे म्हणणार, तुम्ही म्हणता म्हणून?

काकांनी शर्ट घडी घालता घालता विचारलं, "इतिहासाच्या टेबलातल्या ओळींना नंबर अजून आपोआपच पडतात का गं?"

ती उठून उभी राहिली.

"बस, चहा टाकते," काकू म्हणाल्या.

"नको काकू," ती म्हणाली, आणि चपला पायात घालता घालताच बाहेर पडली.

*

नोंद पुसली जाते, पण तिला दिलेला नंबर परत घेतला जात नाही. टोकनाच्या यंत्रासारखंच आहे ते. फाडलेलं टोकन फेकून दिलं, तरी पुढच्याला त्याच्या पुढचाच आकडा मिळतो. प्रत्येक हाकेला ट्रिगर इतिहासात एक ओळ लिहीत होता. बत्तीस हाकांच्या ओळी पुसल्या गेल्या असतील, तर बत्तीस आकड्यांची फट उरली असली पाहिजे.

तिने त्या मंगळवारची सकाळ काढली. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी शेवटची ओळ, नंबर ४८२१०. पुढची ओळ दहा चव्वेचाळीसला. नंबर ४८२४३.

तिने बोटांवर मोजलं, मग कागदावर. मधले गायब आकडे बरोबर बत्तीस.

मग सात महिन्यांचं सगळं टेबल तिने खालपासून वर चाळलं. एकेक, दोन-दोन आकड्यांच्या फटी इकडेतिकडे होत्या, त्या असतातच. पण अचूक बत्तीसच्या फटी अकरा निघाल्या. अकरा फोन. अकरा वेळा कुणीतरी 'बाद' म्हटलं होतं आणि डेटाबेसने ते गिळलं होतं.

त्या संध्याकाळी ती दोनदाच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि अडवून धरलं.

"अजून काय राहिलंय?" ती म्हणाली. "बिल्ला घेतलात, चाव्या घेतल्यात. सव्वीस वर्षं हा माणूस तापातसुद्धा कामावर गेलाय."

"वहिनी, मला त्यांची वही हवीये. तुम्ही बसा समोर, मी एकही पान स्वतः उलटणार नाही."

वही होतीच. दोनदा प्रत्येक फोन आधी आपल्या वहीत लिहायचा, मग संगणकात. कुलूपबाईने आपली यादी पर्समधून काढलीच नाही. "दात्यांचे फोन वाचा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तारीख आणि वेळ."

तो वाचत गेला. चौतीस फोन होते. तेवीस वेळा लाल पिशवी एकटीच उरलेली होती, बहिणी आधीच वापरून झालेल्या. तिथे हाक मारायला कुणी नव्हतं आणि नोंद टिकली होती. उरलेले अकरा. तिने यादी काढून चटईवर त्याच्यापुढे ठेवली. मिनिटांसकट जुळत होते.

दोनदाने यादी वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा काढून मनगटाने डोळे पुसले.

"म्हणजे मी केली होती नोंद," तो म्हणाला. "मलाच वाटायला लागलं होतं, की नसेल केली."

इतका वेळ दाराशीच उभी असलेली बायको आत पाणी आणायला गेली.

*

सकाळी आठला तिने संचालकांना फोन केला.

"अकरा दात्यांच्या बहिणी बाद झालेल्याच नाहीत, सर. प्लेटलेट्स पाच दिवसांत संपतात, त्या एक सोडून सगळ्या मुदत संपून टाकल्या गेल्या. पण प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवतात. आत्ता फ्रीझर बघायला हवा."

"सोमवारी समिती आहे. तोवर कशालाही हात लावायचा नाही. पुराव्यात ढवळाढवळ होईल."

"सोमवारपर्यंत एखादी पिशवी खिडकीतून गेली तर?"

"हा माझा आदेश आहे, बाई."

"मग तो लेखी द्या," ती म्हणाली. "फ्रीझरमधली संशयित पिशवी काढू नये, असं. तुमच्या सहीने. दहा मिनिटं वाट बघते."

पलीकडून फोन ठेवला गेला. तिने घड्याळाकडे बघत दहा मिनिटं मोजली. आदेश आला नाही. मग ती प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरकडे गेली, यादी आणि वहीच्या पानांचे फोटो त्याच्यापुढे ठेवले. तो तसा नाकासमोर चालणारा माणूस, संचालकांपुढे कधी ब्र न काढणारा. त्याने यादी बघितली आणि जाड हातमोजे चढवले.

फ्रीझरच्या पांढऱ्या वाफेत दोघांनी एकेक खण उपसला. सात पिशव्या सापडल्या. सात, संगणकात 'उपलब्ध', मागितल्या असत्या तर त्याच दुपारी कुणाच्याही शिरेत गेल्या असत्या. डॉक्टरने त्या वेगळ्या पेटीत घातल्या, पेटीला सील लावलं आणि वर तारीख, वेळ घालून स्वतःची सही केली.

"तुमचीही करा," तो म्हणाला.

तिने सातही पिशव्यांचे नंबर यादीशी जुळवले आणि मगच सही केली.

*

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. कमी ऐकू यायचं, पण ऐकलेलं विसरायच्या नाहीत. संचालक, होऊन-जाईल, दोन सदस्य, कोपऱ्यात दोनदा. भिंतीवर पडदा.

"विनापरवाना साठ्याला हात लावल्याबद्दल यांच्यावर कारवाई प्रस्तावित आहे," संचालकांनी सुरुवात केली.

"ती नंतर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आधी काय झालं ते दाखवा."

कुलूपबाईने डेटाबेसची नक्कल उघडली. एका दात्याच्या तीन पिशव्या. "सर, तुम्हीच करा," तिने कीबोर्ड होऊन-जाईलपुढे सरकवला. "लाल पिशवी बाद करा."

त्याने केली. पडद्यावर आलं: जतन झाले.

"पुन्हा उघडा." बाद. "आता माझ्या खिडकीतून थेट डेटाबेसमध्ये बघू." तिघी बहिणी, तिघी उपलब्ध.

खोलीत खुर्च्या करकरल्या. तिने खटका बंद केला आणि त्याला पुन्हा तेच करायला सांगितलं. तिघी बाद.

"ही नक्कल आहे, मॅडम," होऊन-जाईल म्हणाला. "आणि नंबरांमध्ये फटी पडतच असतात."

"पडतात. एकाची पडते, दोनाची पडते. बत्तीसची अकरा वेळा, आणि अकराही वेळा यांच्या वहीतल्या फोनच्या मिनिटाला? तुम्हीच सांगा, कशी पडते?"

या वेळी तो होऊन जाईल म्हणाला नाही.

"मूळ हुकूमच सदोष होता," संचालक म्हणाले. "आणि तो यांच्या काकांनी लिहिलेला आहे, हे यांनी समितीला सांगितलेलं नाही."

"सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "माझ्या काकांनी लिहिला. एक ओळ राहिली, असं ते स्वतः म्हणतात, लेखी द्यायला तयार आहेत. कंपनीने न सांगता खटका फिरवला. पडद्याने खोटं सांगितलं. आणि सगळं सुरळीत आहे या कागदावर मी पुरती चाचणी न करता सही केली. सगळ्यांची नावं लिहा. माझं आधी लिहा. पण ज्या एका माणसाने आपलं काम केलं, एकदा नाही, दोनदा केलं, त्याचं नाव त्या यादीत गेलं, तर हा कागद घेऊन मी प्रत्येक वॉर्डात जाईन."

"धमकी देताय?" संचालकांनी विचारलं.

"नाही सर. हा कागद कुठे जाईल, त्याचा पत्ता सांगतेय."

अध्यक्षबाईंनी कानामागे हात धरला होता, तो खाली घेतला. "मला सगळं ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "सात पिशव्या सापडल्या. म्हणजे चार राहिल्या. त्या कुठे आहेत?"

*

दोनदा पुढच्या आठवड्यात कामावर आला. त्याला मिळालेल्या पत्रात 'रुजू व्हावे' एवढंच होतं, क्षमा नव्हती. ते त्याने समोरच्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवलं आणि कुणी काढायला सांगितलं तरी काढलं नाही. समितीच्या अहवालात 'तांत्रिक कारणांमुळे' एवढेच शब्द होते, कंपनीचं नाव नव्हतं. त्यावर कुलूपबाईने सही केली नाही. आपलं वेगळं दीड पानी मत जोडलं, आणि ते काढून घ्या म्हणून तिला दोन वेळा समज मिळाली तेव्हा आणखी अर्धं पान वाढवलं. तिच्या सेवापुस्तिकेत लाल शेरा पडला. बढती त्या वर्षी दुसऱ्याला गेली. रात्री झोप लागायची, ती मात्र चांगली लागायला लागली.

खटका बंद राहिला. काका एक दिवस स्वतः येऊन तिच्या शेजारी बसले आणि राहिलेली ओळ त्यांनी आपल्या हाताने टाइप केली, एका बोटाने, अक्षर शोधत.

बाहेर गेलेल्या चार पिशव्यांचा शोध प्रमुख डॉक्टर आणि तिने मिळून घेतला. कायदेशीर सल्ला येईपर्यंत पेशंटना काही कळवू नये, असं परिपत्रक निघालं होतं. डॉक्टरने ते वाचलं, घडी करून खणात टाकलं आणि फोन पुढे ओढला. ब्र न काढणारा माणूस तो हाच. दोन पेशंट बरे होते, तपासणीत काही निघालं नाही. तिसऱ्याला तेव्हा ताप येऊन गेला होता, घरच्यांनी तो ऑपरेशनचा समजला होता. त्यांनी आधी खूप ऐकवलं, मग विचारलं की तुम्ही हे का सांगताय, कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणूनच."

चौथ्या पेशंटने पत्ता बदललेला होता. फोन लागत नव्हता. जुन्या घरमालकाला विचारलं, त्याने एका मेव्हण्याचा नंबर दिला. मेव्हण्याने दुसऱ्या गावातल्या कारखान्याचं नाव सांगितलं. फाईल बंद करा, असा निरोप वरून तीनदा आला. ती अजून तिच्या टेबलावर उघडी आहे, आणि कारखान्याच्या कचेरीत कुणी फोन उचलेपर्यंत ती रोज अकराच्या सुमाराला तो नंबर फिरवते.